फाशीचा अपवादही नको

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत ११ जुलै २००६ च्या सायंकाळी सात स्फोट झाले आणि घरी परतणाऱ्या १८० हून अधिक प्रवाशांचा जीव गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा निकाल पूर्णपणे रद्द केला. अभियोग पक्षाला गुन्हा सिद्ध करण्यात सपशेल अपयश आले, कबुलीजबाबांवर विसंबता येत नाही, ओळखपरेड सदोष होती, असे सांगून न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या न्यायालयाने हा निवाडा अन्य खटल्यांत पूर्वदाखला मानू नये असे म्हटले, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. अपिलाचा अंतिम निर्णय काय लागायचा तो लागेल. पण फाशी सुनावलेल्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्येच कारागृहात करोनाने मरण पावला होता. आपण निर्दोष असल्याचा निवाडा त्याला ऐकता आला नाही. उरलेल्या चौघांना तो ऐकता आला, याचे एकमेव कारण म्हणजे आपण ज्या न्यायालयीन दिरंगाईला एरवी बोल लावतो, ती दिरंगाई.

हा खटला येथे मुद्दाम घेतला आहे, कारण तो दहशतवादाचा आहे. फाशीच्या प्रश्नावर सुविद्य मंडळींशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘तत्त्वतः माझा फाशीला विरोध आहे, पण…’ या ‘पण’नंतर ज्याचा त्याचा अपवाद येतो. कोणी दहशतवाद्यांचे नाव घेतो, कोणी लहान मुलींवर अत्याचार करणाऱ्यांचे, कोणी झुंडीने माणसे मारणाऱ्यांचे, तर कोणी दलित वस्त्यांवर हत्याकांडे घडवणाऱ्यांचे. राजकीय कल बदलला की अपवाद बदलतो. अपवादाची जागा मात्र रिकामी राहत नाही. या लेखाचे म्हणणे असे की, अपवाद राखून केलेला विरोध हा फाशीला विरोधच नव्हे. भारतात फाशी आज टिकून आहे ती नियम म्हणून नव्हे, तर अपवाद म्हणूनच.

आपला कायदाच हे सांगतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने खुनासाठी जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद केला. फाशी द्यायची तर न्यायाधीशाने विशेष कारणे नोंदवावीत, असे बंधन घातले. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनेशी सुसंगत ठरवली, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणापुरतीच असावी असे सांगितले. तेव्हापासून आपण त्या शब्दप्रयोगावर निर्धास्त आहोत. मतभेद नोंदवणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती तेवढे निर्धास्त नव्हते. १९८२ मध्ये त्यांनी सविस्तर कारणे दिली. कोणाला फाशी होणार आणि कोणाला नाही, हे प्रकरण कोणत्या न्यायपीठापुढे येते यावर अवलंबून राहील आणि या मनमानीचा फटका प्रामुख्याने गरिबांना बसेल, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे त्याचा जिवंत दाखला उभा राहिला. हरबन्स सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश या प्रकरणात एकाच हत्याकांडात तीन आरोपींना सारखीच भूमिका असल्याचे मानून फाशी झाली होती. तिघांची प्रकरणे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायपीठांपुढे गेली. एकाची याचिका फेटाळली गेली आणि ६ ऑक्टोबर १९८१ रोजी तो फासावर गेला. दुसऱ्याची फाशी न्यायालयाने आधीच जन्मठेपेत बदललेली होती. तिसऱ्यालाही त्याच ६ ऑक्टोबरला फाशी व्हायची होती. ऐन वेळी स्थगिती मिळाल्याने तो वाचला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने या तिसऱ्याची शिक्षा राष्ट्रपतींनी कमी करावी अशी शिफारस केली, कारण गुन्हा एक, दोष एक आणि नशीब मात्र तीन, हे कोणत्याही न्यायकल्पनेत बसेना. परंतु जो गेला होता त्याच्यासाठी शिफारस कोणाकडे करणार?

हा केवळ आरंभीच्या काळातला गोंधळ होता, असे समजण्याचे कारण नाही. १९९५ मध्ये राजस्थानातील रावजी नामक कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याची क्रूरता पाहायची, गुन्हेगाराची परिस्थिती नव्हे, अशी भूमिका घेतली आणि पुढच्याच वर्षी त्याला फाशी झाली. बच्चन सिंग निवाड्याने दोन्ही गोष्टी पाहण्यास सांगितले होते. २००९ मध्ये बरियार विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले की, रावजी निवाडा बंधनकारक घटनापीठाच्या निर्णयाकडे दुर्लक्ष करून दिला गेला होता आणि पुढची अनेक प्रकरणे त्या चुकीच्या पायावर उभी राहिली. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या निवाड्यांमुळे फाशीच्या छायेत असलेल्या तेरा कैद्यांची शिक्षा कमी करावी अशी विनंती केली. ज्यांनी आयुष्यभर न्यायदान केले, त्यांनी न्यायसंस्थेच्या वतीने दिलेली ही कबुली होती. स्वतंत्र भारतात याहून गंभीर कबुली क्वचितच कोणी दिली असेल. तरीही ती आपल्या सार्वजनिक चर्चेत फार काळ टिकली नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून या ‘दुर्मिळा’चे आकडे समोर आले. २००० ते २०१५ या काळात सत्र न्यायालयांनी दिलेल्या आणि अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी सुमारे पाच टक्केच कायम राहिल्या. बहुतांश शिक्षा कमी झाल्या आणि जवळपास तीस टक्के प्रकरणांत आरोपी थेट निर्दोष सुटले. एखादे यंत्र शंभरातून पंचाण्णव वेळा चुकीचे माप दाखवत असेल, तर ते माप उरलेल्या पाच वेळा बरोबर असते असे मानण्यास श्रद्धा लागते, पुरावा नव्हे. त्याच अभ्यासानुसार मृत्युदंडाच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतले होते.

या आकड्यांमागे काय असते ते महाराष्ट्राला माहीत असायला हवे. २००३ मध्ये नाशिक परिसरात एका कुटुंबातील पाच जणांची अमानुष हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाला. भटक्या जमातीतील सहा मजुरांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, त्या दिशेने तपासच झाला नाही आणि ही गोष्ट दडवली गेली, असे निष्पन्न झाले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश न्यायालयाने दिला. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांच्यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. २००९ च्या निकालानंतर कार्यक्षम सरकारने तत्परता दाखवली असती, तर २०१९ चा निकाल सहा थडग्यांपुढे वाचावा लागला असता.

येथे अपवादवादी मित्र म्हणतील, ‘हे सारे मान्य. सामान्य गुन्ह्यांत फाशी नको. पण दहशतवादाचे काय?’ हे मत केवळ दिवाणखान्यातले नाही. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये सादर केलेल्या २६२ व्या अहवालात फाशी रद्द करण्याची शिफारस केली. परंतु दहशतवादाशी निगडित गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे गुन्हे त्यातून वगळले. अहवाल अभ्यासपूर्ण आहे आणि फाशीच्या विरोधातला आपल्याकडचा सर्वांत भक्कम सरकारी दस्तऐवजही तोच आहे. मात्र त्याच अहवालात, दहशतवादाला वेगळे वागवण्यास दंडशास्त्राच्या दृष्टीने सबळ आधार नाही, असेही नमूद आहे. अपवाद केला तो राष्ट्रीय सुरक्षेविषयीच्या चिंतेपोटी. म्हणजे तर्क एका दिशेला गेला आणि शिफारस लोकमताच्या धाकाने दुसऱ्या दिशेला वळली. तेव्हाचा हेतू कदाचित व्यावहारिक असेल: एवढा अपवाद दिला तर सरकार उरलेले स्वीकारेल. दहा वर्षे उलटली. सरकारने अपवाद ठेवला आणि शिफारस बाजूला सारली.

वस्तुतः चुकीचा धोका सर्वाधिक असतो तो दहशतवादाच्याच खटल्यांत. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला आणि तीसहून अधिक लोक मारले गेले. ‘पोटा’ न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले, त्यांतील तिघांना फाशी दिली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. १६ मे २०१४ रोजी, लोकसभा निवडणुकीचे निकाल लागत असताना, सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि तपासावर कठोर ताशेरे ओढले. त्या दिवशी देशाचे लक्ष अर्थातच अन्यत्र होते. विधि आयोगाचा अहवाल त्यानंतर सव्वा वर्षाने आला. म्हणजे ज्या प्रकारच्या गुन्ह्यांसाठी फाशी राखून ठेवायची, त्याच प्रकारच्या गुन्ह्यात तीन निरपराध माणसे फासाच्या दोरापर्यंत नेऊन परत आणल्याचा दाखला ताजा होता.

हा योगायोग नव्हे. एखाद्या स्फोटानंतर शंभर घरांत प्रेते पोहोचतात, देश संतापतो, मंत्री आठवडाभरात छडा लावण्याचे आश्वासन देतात आणि तो सारा दबाव अखेर एका पोलीस कोठडीत उतरतो. त्यातच ‘टाडा’, ‘पोटा’ आणि महाराष्ट्राचा ‘मकोका’ या विशेष कायद्यांनी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला. सर्वसाधारण पुरावा कायदा हे वसाहतकाळापासून नाकारत आला आहे, कारण कोठडीतल्या कबुलीची किंमत इंग्रजालाही ठाऊक होती. ‘टाडा’ आणि ‘पोटा’ आता नाहीत, ‘यूएपीए’त ही तरतूद नाही, पण त्या कायद्यांनी दिलेला धडा राहिला आहे. शिक्षा सर्वांत मोठी आणि सिद्धतेची अट सर्वांत सैल, असा तो उलटा हिशेब होता. राजीव गांधी हत्या खटल्यात १९९८ मध्ये विशेष न्यायालयाने सव्वीस जणांना फाशी सुनावली. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने ती चौघांपुरतीच कायम ठेवली. त्या चौघांपैकी एक होता पेरारिवलन, अटकेच्या वेळी एकोणीस वर्षांचा. २०११ मध्ये त्याच्या फाशीची तारीखही ठरली होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या स्थगितीने ती टळली. २०१३ मध्ये त्याचा जबाब नोंदवणाऱ्या निवृत्त सीबीआय अधिकाऱ्यानेच जाहीर केले की, खरेदी केलेल्या बॅटऱ्या कशासाठी हव्या आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हते, हे त्याचे म्हणणे आपण जबाबात लिहिलेच नाही. ठरल्या तारखेला फाशी झाली असती, तर ही कबुली ऐकायला तो उरला नसता.

तेव्हा अपवाद ‘फक्त दहशतवादापुरता’ करू, ही भाषा भाबडी आहे. शिवाय अपवाद एकदा मान्य झाला की तो वाढत जातो. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस करण्यास स्पष्ट नकार दिला. संसदेने २०१३ मध्ये बलात्काराच्या काही प्रकारांसाठी ती आणली, २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलींवरील बलात्कारासाठी, २०१९ मध्ये ‘पॉक्सो’ कायद्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामूहिक बलात्काराच्या बाबतीत वयाची मर्यादा अठरापर्यंत गेली. झुंडबळी आणि संघटित गुन्हेगारीतून होणारा मृत्यू यांनाही फाशीची तरतूद झाली. कोलकात्यातील तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर पश्चिम बंगाल विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक विधेयक संमत केले. यात कोणताही पक्ष मागे नाही. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरला सुरक्षित खोली देणे कठीण असते. कायद्यात ‘मृत्युदंड’ हा शब्द घालणे सोपे असते आणि त्याला खर्चही येत नाही.

वर्मा समितीचा युक्तिवाद पुन्हा वाचण्यासारखा आहे, कारण तो आरोपीच्या नव्हे तर स्त्रीच्या बाजूने केलेला होता. अत्याचार करणारे बहुधा ओळखीचे, नात्यातले असतात. शिक्षा फाशीची असेल तर घरचेच तक्रार दाबण्याची शक्यता वाढते आणि साक्षीदार जिवंत न ठेवण्याचे कारण अत्याचाऱ्याला मिळते. जरबेचा मुद्दाही असाच पोकळ आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तीन दशकांच्या अभ्यासांचा आढावा घेऊन, फाशीचा खुनांच्या प्रमाणावर काय परिणाम होतो हे त्यांवरून ठरवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली, त्यानंतर तेथे खुनांचे प्रमाण वाढले नाही, घटले. मरण्याच्या तयारीनेच येणाऱ्या फिदायीनला मरणाची भीती घालण्याबद्दल तर काय बोलावे!

इथपर्यंतचा युक्तिवाद चुकीच्या शक्यतेवर उभा आहे आणि तो पुरेसा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कारण ज्याच्या दोषाविषयी तिळमात्र शंका नाही असा माणूसही असतो. अजमल कसाबचे छायाचित्र छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हातात बंदूक घेतलेले आहे. ते पाहणाऱ्या कोणालाही पुराव्याच्या तुटपुंजेपणावर व्याख्यान देता येणार नाही. अपवादाविना विरोध करणाऱ्याने कसाबचे काय, या प्रश्नाचे उत्तर दिलेच पाहिजे. नाही तर त्याने गप्प बसावे.

पहिले उत्तर कायद्याचे आहे. ‘निःसंशय दोषी असेल तरच फाशी’ असा वेगळा वर्ग कायद्यात करता येत नाही, कारण प्रत्येक दोषसिद्धी वाजवी संशयापलीकडचीच असते. नाशिकचे सहा मजूर, अक्षरधाम खटल्यातले तिघे, हेही त्या त्या दिवशी कागदोपत्री निःसंशय दोषी होते. कसाबसाठी उघडलेल्या दारातून केवळ कसाब जात नाही. न्यायालयाला ज्याची ज्याची खात्री वाटते तो प्रत्येक जण जातो. त्या खात्रीचा इतिहास वर आलाच आहे.

दुसरे उत्तर नीतीचे आहे आणि माझ्या मते तेच मूळ आहे. कसाबला मरण योग्य होते की नाही, हा एक प्रश्न; त्याला मारण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असावा की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कोणी ‘होय’ दिले तरी दुसऱ्याचे ‘नाही’ देता येते. ताज हॉटेलात कमांडोंनी दहशतवाद्यांना ठार केले, तेव्हा ते ओलिसांचे प्राण वाचवत होते. तेथे बळाचा वापर हे कर्तव्यच होते. फाशीच्या तख्तावर आणलेल्या माणसाचे हात मागे बांधलेले असतात. चार वर्षे कडेकोट कोठडीत असलेला तो कोणालाही इजा करू शकत नाही. त्याला मारल्याने एकही जीव वाचत नाही. संरक्षणासाठी मारणे आणि निःशस्त्र, बंदिस्त माणसाला दिवस, वेळ आणि दोराची लांबी ठरवून मारणे, या दोन कृती एकाच शब्दाने ओळखल्या जातात म्हणून एक होत नाहीत. दुसऱ्या कृतीसाठी राज्याला तुरुंगाधिकारी लागतो, मृत्यूची खातरजमा करणारा डॉक्टर लागतो, २०२० मध्ये तिहारसाठी मेरठहून बोलावला तसा फाशी देणारा लागतो. ते सारे आपल्या वतीने आणि आपल्या करांतून हे काम करतात.

तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि प्राण दिले, म्हणून तो जिवंत सापडला. तो जिवंत सापडला म्हणून खटला चालला, कटाचे धागे जगापुढे आले, शत्रूलाही वकील देणारा देश म्हणून भारताची मान उंचावली. ओंबळे यांच्या बलिदानाचे मोल त्या खटल्यात आहे. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवड्यात गुप्तपणे दिलेल्या फाशीने त्यात काही भर पडली असे वाटत नाही. तो आजही बराकीत म्हातारा होत असता, तर त्याला पाठवणाऱ्यांना हुतात्मा मिळाला नसता. भारताच्या हाती एक जिवंत साक्षीदार राहिला असता.

यावर कंदाहारची आठवण दिली जाते: दहशतवादी जिवंत ठेवले तर त्यांना सोडवण्यासाठी अपहरणे होतात. १९९९ मध्ये विमान आणि प्रवासी सोडवण्यासाठी ज्या तिघांना सोडावे लागले, त्यांपैकी कोणालाही फाशीची शिक्षा झालेली नव्हती. ते वर्षानुवर्षे नुसते तुरुंगात होते. फाशीची शिक्षा झालेला कैदीही अपिले आणि दयेचा अर्ज निकाली निघेपर्यंत दहा-पंधरा वर्षे तुरुंगातच असतो. हा धोका फाशीने टळत नाही. त्याचे उत्तर विमानतळाच्या सुरक्षेत, गुप्तवार्तेत आणि खटले वेळेत संपवण्यात आहे.

प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावरही हा प्रश्न आपल्यापुढे आला होता. गांधीजींच्या हत्येबद्दल नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्यात फाशी झाली. दोषाबद्दल शंका नव्हती. खुन्याने खून नाकारलाही नव्हता. ज्यांचे वडील मारले गेले त्या मणिलाल आणि रामदास गांधी यांनीच दोघांचे प्राण वाचवावेत अशी विनंती केली होती. नव्या राष्ट्राने ती मानली नाही. त्याच वर्षी जून महिन्यात संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, फाशीच्या अपिलांची सोय करण्यापेक्षा फाशीच रद्द करणे आपण पसंत करू, कारण हा देश अहिंसेचे तत्त्व मानतो, अशी भूमिका मांडली होती. आचरणात नसले तरी तत्त्व म्हणून लोक ते मानतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ‘राष्ट्रपित्याचा मारेकरी’ याहून मोठा अपवाद भारतात कोणता असू शकतो? आणि त्या अपवादालाही नको म्हणणारी माणसे खुद्द त्या घरातलीच होती.

याचा अर्थ प्रत्येक पीडित कुटुंबाने क्षमा करावी असा मुळीच नाही. ज्यांची मुलगी गेली, ज्यांचा मुलगा लोकलमधून परतला नाही, त्यांच्या संतापाला नीतीचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. सूडाची इच्छा मानवी आहे. म्हणूनच तर शिक्षेचे काम आपण नातेवाइकांकडून काढून राज्याकडे दिले. पण फाशी त्यांना काय देते, हेही पाहावे. दिल्लीतील २०१२ च्या प्रकरणात आईवडिलांना सात वर्षांहून अधिक काळ प्रत्येक तारखेला न्यायालयात बसावे लागले. २०२० मध्ये फाशीच्या तारखा एकापाठोपाठ एक निघाल्या आणि टळल्या. मुंबई स्फोटांतील मृतांच्या नातेवाइकांना तर एकोणीस वर्षांनी ‘खरे गुन्हेगार कोण’ हेच ठाऊक नाही. त्यांच्याशी झालेली खरी प्रतारणा खोट्या तपासाची आहे. फाशीच्या घोषणेने ती झाकली जाते, भरून निघत नाही. फाशीची घाई थोडी आणखी वाढली की ती चकमकीपर्यंत पोहोचते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ पोलिसांनी चार आरोपींना गोळ्या घातल्या तेव्हा फुले उधळली गेली. न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर आयोगाने नंतर ती चकमक बनावट ठरवून पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली, तेव्हा ती फुले केव्हाच सुकली होती.

पर्याय नाही, असेही नाही. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय सूट न देता वीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत कारावास देऊ शकते आणि २०१५ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. समाजाला धोकादायक माणसापासून सुरक्षित ठेवण्यास ती शिक्षा पुरेशी आहे. शिवाय चूक उघड झाली तर तुरुंगाचे दार उघडता येते. संसदेने फाशी सर्व गुन्ह्यांसाठी रद्द करणारा कायदा करावा, हे ध्येय आहे. तोपर्यंत केंद्राने अंमलबजावणीवर स्थगिती जाहीर करावी आणि २००७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा स्थगितीच्या ठरावांविरुद्ध मत देण्याचा शिरस्ता सोडावा. जगातील शंभराहून अधिक देशांनी फाशी पूर्णतः रद्द केली आहे. त्यांतल्या अनेकांनी दहशतवाद, यादवी, नरसंहारही पाहिले आहेत. रवांडाने आपल्या नरसंहारानंतर तेरा वर्षांनी, २००७ मध्ये, फाशी रद्द केली.

लोकमत याच्या बाजूने नाही, हे खरे. ते सतीबंदीच्या बाजूनेही नव्हते आणि अस्पृश्यता निवारणाच्याही. लोकमत घडवणे हे राजकारण्यांचे काम आहे, त्यामागे लपणे नव्हे. पण राजकारण्यांकडे बोट दाखवण्याआधी, ‘तत्त्वतः विरोध आहे, पण…’ म्हणणाऱ्या आपण सर्वांनी त्या ‘पण’चा हिशेब करावा. आपला अपवाद आपल्याला रास्त वाटतो. शेजाऱ्याचा त्याला वाटतो. या सगळ्या रास्त अपवादांची बेरीज म्हणजे आजचा कायदा. मुंबईच्या खटल्यातले चौघे निर्दोष ठरले. नाशिकचे सहा जण बाहेर आले. १९९६ मध्ये गेलेला रावजी बाहेर येऊ शकला नाही. त्याला फाशी देणारा निवाडा चुकीचा होता हे आपल्याला तेरा वर्षांनी कळले. त्याला कळले नाही.